एका गंजलेल्या चाकूचा इतिहास

आमच्या घरात लिहिलेला कागद नव्हता. वडिलांचा सातवीचा दाखला हा आमच्या कुळातला पहिला कागद, आणि माझे पदवीचे प्रमाणपत्र हा दुसरा. त्यांच्यामागे जे काही आहे ते तोंडचे आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवितो. साधनांवाचून इतिहास नाही, हे वाक्य दरवर्षी जून महिन्यात नव्या वर्गापुढे उच्चारतो आणि दरवर्षी ते उच्चारताना मला थोडी लाज वाटते. कारण साधने म्हणजे काय, तर सनदा, बखरी, रोजनिशा, खतावण्या, वंशावळी. ज्यांच्या घरी दप्तर होते त्यांच्या घरी इतिहास होता. गावच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष अखेरची मानली जाई, हे सारेच अभ्यासक लिहितात. ज्याच्या शब्दाने गावाची शीव ठरे, त्याच्या शब्दाचा कागद मात्र कुळकर्ण्याच्या घरात राही, हे फारसे कोणी लिहीत नाही.

आमच्या घरात कागदाऐवजी एक चाकू होता.

गेल्या वर्षी गावाकडचे मातीचे घर उतरवून त्या जागी घरकुल बांधावयाचे ठरले. आढ्याच्या खाली, भिंतीतल्या देवळीत एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात खिळे, दोन बिजागऱ्या, सुतळीचा गुंडा आणि गंजाचा एक लांबट गोळा. वडिलांनी तो गोळा हातात घेतला आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आज्ज्याचा चाकू हाय रं. मला वाटलं, मयताच्या गर्दीत कुणी नेला."

आजा १९९८ साली वारला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. माझ्या आठवणीत तो चाकू आहे तो पेन्सिलीला टोक काढणारा. आजा पेन्सिल स्वतःच्या दिशेने धरीत नसे, नेहमी बाहेर, आणि साल एकाच लांब गोल पट्टीत निघे. ती पट्टी मी पुस्तकात जपून ठेवीत असे. त्यापूर्वी त्या चाकूने काय काय केले याची यादी वडिलांनी त्या दिवशी उभ्याउभ्या सांगितली. पोत्यांच्या सुतळ्या कापल्या, चपलेचे अंगठे शिवायला भोके पाडली, शेळीच्या करडाची नाळ कापली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयाच्या कामावर हाताचे घट्टे सोलून काढले. १९५६ नंतर देव्हारा काढताना भिंतीतला लाकडी पाट त्याच्याच टोच्याने उचकटला. ही यादी कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.

चाकू मी शहरात घेऊन आलो. तो दुरुस्त करावा, निदान उघडावा, एवढीच इच्छा होती. मिटलेला चाकू तळहातात मावेल एवढा. दोन्ही अंगांना काळ्या, चौकडी खाचा पाडलेल्या कठीण पट्ट्या. एक पाते, एक डबा फोडावयाचे आखूड पाते, पाठीला दोरीच्या गाठी सोडवावयाचा लोखंडी टोच्या, आणि शेवटी कमरेच्या दोरीत अडकवावयाची कडी. पात्याला टोक नाही. त्याची पाठ पुढे वाकून सरळ धारेला येऊन मिळते, मेंढीच्या खुरासारखी. खलाशांच्या चाकूची ही जुनी घडण. तीच पुढे सैन्यात आली. सैनिकाचा चाकू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भोसकण्याचे हत्यार येते. हा भोसकण्याचा नव्हताच. दोर कापावा, डबा उघडावा, गाठ सोडवावी, यासाठी तो दिलेला होता.

वाटीत रॉकेल घेऊन तो चाकू मी तीन दिवस बुडवून ठेवला. रोज संध्याकाळी सांध्याशी तेलाचे दोन थेंब सोडावयाचे, पाते अंगठ्याने हळूच दाबून पाहावयाचे. तिसऱ्या रात्री ते करकरून हलले. त्या आवाजाने माझी पत्नी झोपेतून उठून आली. पाते उघडले तेव्हा आतल्या खोबणीतून तांबडी माती, सुतळीचे तंतू आणि एक वाळकी जोंधळ्याची पिशी निघाली. इथवर सारे ठीक झाले. यापुढे मी जे केले ते इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारे नव्हते.

पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत शिरते, तिथे काही अक्षरे असावीत असा भास होत होता. मी उत्साहाच्या भरात पॉलिश पेपर आणला आणि अर्धा तास ती जागा घासत बसलो. इंग्रजी अक्षरांत 'शेफील्ड' हा शब्द उगवला. त्यावर बनविणाऱ्याचे नाव होते, ते पूर्वीच झिजून गेलेले. शेजारी ब्रिटिश सरकारी मालावर असे तो बाण. बाणाखाली साल. एक, नऊ, चार, आणि चौथा आकडा. तो आकडा मी दिव्याखाली धरून पाहिला तेव्हा त्या जागी एक चकचकीत, गुळगुळीत डाग होता. आकडा होता, हे त्याच्या खालच्या कडेच्या पुसट वळणावरून कळत होते. आता ते वळण शून्याचे, दोनाचे, तिनाचे की आणखी कशाचे, हे कोणीही सांगू शकणार नाही. सत्तर-ऐंशी वर्षे घाम, चिखल, रक्त आणि गंज यांनी जे पुसले नाही ते मी पाच रुपयांच्या कागदाने पुसले.

या एका आकड्याचे एवढे काय, असे वाचकाला वाटेल. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या घरात असे सांगतात की आजा 'पैल्या भरतीत' लागला. पहिली भरती म्हणजे महार रेजिमेंटची. महार सैनिकांची कथा आता आपल्या वाचकांना नवी नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार होते, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जमाती'चे तत्त्वज्ञान बोकाळल्यावर ब्रिटिशांनी १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद केली. ज्यांनी लढून दाखविले त्यांना 'तुम्ही लढवय्ये नाही' असे कागदावर लिहून कळविण्यात आले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी या शतकबदलानंतर सरकारकडे पुनःपुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. भाडेकरूला वागवावे तसे आम्हाला वागविले गेले, असे मला नेहमी वाटते. नंतर दुसरे महायुद्ध आले. बाबासाहेब जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, स्वतंत्र महार पलटणीचा आग्रह त्यांनी लावून धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी पुढल्या वर्षी कामठीस निघाली.

आता घरातली गोष्ट आणि हा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की अडचण उभी राहते. आजा पहिल्या भरतीत लागला आणि 'बरम्याला' गेला, असे घर सांगते. पहिल्या बटालियनचे काम वायव्य सरहद्दीकडे होते. ब्रह्मदेशात गेली ती दुसरी. तेव्हा एक तर आजा पहिल्या भरतीतला नाही, किंवा तो बरम्याला गेला नाही, किंवा मधल्या काळात त्याची बदली झाली. घरातल्या माणसांना मी हे विचारले तेव्हा चुलते रागावले. "तू शिकला म्हून आज्ज्याला खोटा पाडतो व्हय?" असे म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या खोट्या ठरविल्या गेल्या, त्यांच्याच घरातला मुलगा पुरावा मागू लागला तर तो त्यांना परक्यांपैकीच वाटणार. परंतु पुराव्याची मागणी ही केवळ परक्यांनी आपल्यावर उगारलेली काठी आहे असे मी मानीत नाही. ती काठी आपण आपल्या हातात घेतली पाहिजे, आणि घेतली की ती आपल्या घरातही टेकावी लागते.

चाकूवरच्या सालाने हा वाद मिटला असता असेही नाही. वस्तू घडविल्याचे साल म्हणजे ती हातात पडल्याचे साल नव्हे. १९४० चा चाकू १९४४ मध्ये मिळू शकतो. मात्र चाकू १९४३ चा निघाला असता, तर हा तरी त्याला भरतीच्या दिवशी मिळाला नव्हता, एवढे ठामपणे सांगता आले असते. घरातल्या समजुतीप्रमाणे तो भरतीच्या दिवशीच मिळाला होता. म्हणजे आमच्या कुळाच्या इतिहासात तारखेच्या जवळपास जाणारी एकच खूण होती आणि ती मी घासून टाकली.

त्यानंतर महिनाभर मी चाकूला हात लावला नाही. शेवटी एका आठवडी बाजारात विळे-कोयते घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या घिसाड्याला तो दाखविला. घिसाडी ही आपल्या राज्यातली भटकी जमात. गाडीवर संसार आणि भाता घेऊन गावोगाव फिरणारी. शेतकऱ्याचे प्रत्येक औजार ज्यांच्या हातून गेले त्यांना गावात घर मिळाले नाही. म्हाताऱ्याने पाते नखाने टिचकावून कानाशी धरले. "पोलाद चांगलं हाय, सर," तो म्हणाला, "पर ह्यो काळा रंग खरडू नगा. तांबडा गंज खातो, काळा राखतो. काळी त्येची कातडी हाय." मी चक्रावर धार लावून द्या म्हणालो तर त्याने मान हलविली. "मशीनवर धरलं की तापंल. पाणी उतरंल."

पोलादाचे पाणी. हा शब्द लहानपणापासून ऐकला होता, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. पाते तापवून लाल करावयाचे आणि पाण्यात किंवा तेलात बुडवावयाचे. ते कठीण होते पण काचेसारखे ठिसूळ. मग पुन्हा हलकेच तापवून ठिसूळपणा काढावयाचा. या दोन आचांच्या मधोमध जे साधते त्याला कारागीर पाणी म्हणतात. वेगाने फिरणाऱ्या चक्रावर धार निळी पडली की समजावे, पाणी गेले. मग ते पाते पुन्हा धार धरीत नाही. पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला जावे लागले त्या समाजातला मी, चाळिशी जवळ आली तरी या दुसऱ्या पाण्याविषयी अडाणी होतो. त्याने मला कुरुंदाचा एक आयताकृती दगड विकला. पाते किती तिरपे धरावयाचे हे माझी बोटे आपल्या बोटांत धरून दाखविले आणि पैसे घेताना दगडाचेच घेतले, शिकविण्याचे नाही.

रात्री जेवण झाल्यावर दगडावर तेल टाकून पाते ओढीत बसावयाचे, हा मग नित्यक्रमच झाला. हात कामात असला की डोके मोकळे राहते. माझ्या आधी या पात्याला धार कोणी लावली असेल? आज्ज्याने, वडिलांनी, आणि त्यांच्याही आधी, सर्वांत पहिल्यांदा, शेफील्डच्या कोणा मजुराने. शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधले चाकू-कात्र्यांचे शहर. तिथल्या धार लावणाऱ्यांचा इतिहास मी वाचू लागलो तेव्हा हातातला दगड थांबला. एकोणिसाव्या शतकात हे लोक वाळूच्या दगडाच्या मोठ्या चाकावर ओणवे होऊन काम करीत. कोरड्या दगडावर काम करणाऱ्याच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ भरे. चाकूचे पाते ओल्या दगडावर धरीत, त्यांना थोडे अधिक आयुष्य मिळे. डॉक्टर नाइट यांनी या रोगाविषयी लिहिले. त्यांच्या आधारे एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले की कोरड्या दगडावरचा कामगार सरासरीने जेमतेम पस्तिशी गाठतो आणि ओल्या दगडावरचा क्वचित पंचेचाळिशी ओलांडतो. धूळ ओढून नेणारी यंत्रे निघाली तेव्हा काही कामगारांनीच ती नाकारली. काम सुरक्षित झाले तर अधिक लोक या धंद्यात शिरतील आणि मजुरी पडेल, ही त्यांची भीती होती. मरणाचा दर हाच मजुरीचा आधार! माझ्या हातातला चाकू त्यानंतर शंभर वर्षांनी घडला. तोवर वाळूच्या दगडांची जागा बव्हंशी कृत्रिम चाकांनी घेतली होती. तरी त्या गावाची धार त्या छात्यांतून आली आहे हे विसरता येत नाही. मी आज सदतीस वर्षांचा आहे.

येथे आमचे काही मित्र चटकन म्हणतील की पाहा, कामगार सगळीकडे सारखाच. मला ते इतके सोपे वाटत नाही. शेफील्डचा धारवाला तरुणपणी मरे, परंतु त्याच्या स्पर्शाने पाते विटाळत नसे. त्याच्या धंद्याची संघटना होती, तो मजुरीसाठी भांडे, संप करी, आणि गावातल्या पाण्यावर त्याचा हक्क इतरांइतकाच होता. त्याच्या मुलाला दुसऱ्या धंद्यात जाता आले नाही तर ते गरिबीमुळे. धर्माने त्याला बांधले नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे. शेफील्डमध्ये पहिली होती, आमच्या गावात दुसरी. हे दोघे एकाच चाकूवर भेटले म्हणून त्यांचे दुःख एक होत नाही.

आणि आमच्या गावात चाकू या वस्तूचा अर्थच निराळा होता. महारवाड्यात चाकू म्हणजे मेलेले ढोर फाडावयाचा सुरा. महारकीच्या कामांत ओढून नेणे आले, त्याबरोबर फाडणे आले आणि त्याबरोबर ते खाणेही आले. ते मांस सोडा, हे बाबासाहेबांनी महाडला सांगितले होते. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयकही त्यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पण कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हावयास १९५८ चा कायदा यावा लागला. मधली तीस वर्षे गावोगाव माणसे एकेकटी 'नाही' म्हणत होती आणि त्याची किंमत देत होती.

आजा १९४६ च्या अखेरीस सुटून गावी आला. नंतरच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. पुढे काय झाले याच्या आमच्या घरात तीन हकिकती आहेत. चुलत्यांच्या हकिकतीत पाटील स्वतः वेशीपाशी आला, आज्ज्याला त्याच्या नावापुढे 'या' लावून हाक मारली आणि म्हणाला, "चाकू हाय न्हवं कमरंला? मग चल." त्यावर आजा ताठ उभा राहून म्हणाला, "ह्यो सरकारी चाकू हाय. ढोरासाठी न्हाई." वडिलांच्या हकिकतीत पाटील आलाच नाही, निरोप आला, आणि आज्ज्याने निरोप्याला फक्त परत पाठविले. तिसरी हकिकत आजीची. ती मी तिच्या तोंडून ऐकली आहे. "त्यो काय बोलला न्हाई बाबा. चाकू उघडा हुता हातात, कांदा चिरत हुता. त्यानं त्यो मिटला न् खिशात घातला. मग आमी समद्यांनी वळखलं." त्यानंतर आमच्या आठ घरांना गावाने वाळीत टाकले. दुकान बंद, दळण बंद, मजुरी बंद. आजीने बाळंतपणातला एक महिना भिजवलेल्या हरभऱ्यावर काढला. यावर तिन्ही हकिकतींचे एकमत आहे.

पहिली हकिकत भाषणात चांगली वाजेल. बाबासाहेबांच्या जयंतीला चुलते ती तशीच सांगतात आणि पोरे टाळ्या वाजवितात. परंतु मी आजीच्या बाजूने आहे. एक तर ती तिथे होती. दुसरे, तिच्या गोष्टीत कांदा आहे. बनविलेल्या गोष्टीत कांदा सहसा नसतो. आणि तिसरे म्हणजे 'सरकारी चाकू' या वाक्यात आज्ज्याला सरकारचा आधार घ्यावा लागतो. आजीच्या गोष्टीत तो कुणाचाच आधार घेत नाही. अर्थात हे तिसरे कारण पुराव्याचे नाही, माझ्या आवडीचे आहे, हे मी कबूल करतो.

चाकू सावकाश उघडमीट करू लागला. पाठीची कमान अजून ताठ आहे; पाते मिटताना टप्प असा आवाज येतो. धारेवर दोन खाचे होते, ते मी काढले नाहीत. खाचे काढावयाचे तर सारे पाते एक सूत उतरवावे लागले असते. काळी कातडी ठेवली, तांबडा गंज तेलाच्या चिंधीने जेवढा आला तेवढा काढला. मुठीच्या पट्ट्या मात्र मळाने बुजून सपाट झाल्या होत्या. त्या साबणाच्या कोमट पाण्याने, मुलीच्या जुन्या दातांच्या ब्रशने धुतल्या. आता घासण्याची भीती मनात बसली होती, म्हणून फार हलक्या हाताने.

उजव्या पट्टीवर चौकडीच्या रेघांत न बसणाऱ्या काही रेघा दिसू लागल्या. खिळ्याने कोरलेल्या असाव्यात. मी त्यांवर खडूची भुकटी पसरून फुंकर मारली. इंग्रजी आकडे होते, चार. आज्ज्याला पलटणीत रोमन लिपीतले उर्दू आणि इंग्रजी आकडे शिकविले होते. बाजारात हिशेब तो त्याच आकड्यांत करी, हे वडिलांना आठवते. मी फोन करून त्यांना विचारले की आज्ज्याचा पलटणीतला नंबर तुम्हाला ठाऊक होता का? ते म्हणाले, "नंबर म्हंजी? त्यो झोपेत बडबडायचा त्यो?" आणि त्यांनी पहिले तीन आकडे हिंदीत, हजेरी दिल्यासारखे म्हणून दाखविले. ते जुळले. चौथा त्यांना आठवेना.

चौथा आकडा पट्टीवर आहे, पण तो एक आहे की सात, हे ठरत नाही. वरची आडवी रेघ कोरलेली आहे की चौकडीचीच, हे मी भिंगातून, सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अनेकदा पाहिले. वडिलांनी पाहिले, त्यांच्या मते सात. चुलत्यांनी पाहिले, त्यांच्या मते एक, कारण एक म्हणजे भरतीचा नंबर लवकरचा.

महार रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय मध्य प्रदेशात सागरला आहे. रेजिमेंटच्या चिन्हावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो जाऊन त्या जागी कट्यार आली. त्या चिन्हाखालच्या पत्त्यावर मी पत्र लिहिले आहे. आज्ज्याचे नाव, गाव, तालुका, अंदाजे साल, आणि दोन्ही नंबर, एकाखाली एक. सोबत पट्टीचा फोटो जोडला आहे. चाकू वडिलांनी परत नेला. नव्या घराच्या विटांची सिमेंटची पोती त्यांनी त्यानेच उघडली, असे आई सांगत होती.